अंगरखा आतून पाहताना

श्रोतेहो, नमस्कार.

संग्रहालयात जुने पोशाख बघायला गेलं, की लोकांची एक तक्रार ठरलेली: "इथे जरा उजेड का करत नाहीत?" उजेड मुद्दामच कमी असतो. जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत, कारण एकदा उडालेला रंग परत चढत नाही. काही महिने मांडून झाले, की हे पोशाख पुन्हा अंधाऱ्या कपाटात जातात.

मी नाटकांसाठी ऐतिहासिक पोशाख शिवते. माझ्या कामाचं बरंचसं आतल्या बाजूलाच असतं, आणि काचेतून ती दिसत नाही. परवानगी मिळून अंगरखा टेबलावर उलगडला, की मी आधी काख बघते. तिथे चौकोनी तुकडा जोडलेला असतो, चौबगला. हात वर केला तरी शिवण उसवू नये म्हणून. हल्ली घाईत शिवताना तो गाळतात, आणि मग पहिल्याच लढाईत सेनापतींची बगल टर्रकन फाटते! मग अस्तर. वरून झुळझुळीत रेशीम आणि आत, कुणाला दिसणार नाही तिथे, साध्या सुती कापडाचे जोड. काटकसर श्रीमंताघरीही होती.

रंगही बोलतो. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून क्विनीन, म्हणजे हिवतापावरचं औषध, करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग, पहिला कृत्रिम रंग. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्यामुळे 'खास पेशव्यांचा' म्हणून दाखवलेल्या शेल्यात तपासणीअंती असा रंग निघाला, तर ती घरंदाज कथा तिथेच संपते. मात्र नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नये. जांभळा वनस्पतींपासूनही करत.

आता मला खरं खुपतं ते सांगते. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार, रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. शालू विरला की तो बोहारणीकडे जायचा, पदर-काठ जाळून चांदी काढली जायची आणि घरात नवं भांडं यायचं. कितीतरी पैठण्या अशाच गेल्या. आणि रोजचं लुगडं? ते अंगावर विरायचं, मग त्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. म्हणून संग्रहालयांत राजेरजवाड्यांचे जामे सापडतात; शेतात राबणाऱ्या बाईची चोळी फारशी सापडत नाही. रंगमंचावर तिला उभी करायची, तर आम्हाला जुने फोटो आणि म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतात.

तुमच्या ट्रंकेत आजीचं काही असेल, तर प्लास्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा. धुतलेल्या, कोरड्या मलमलीत गुंडाळा. वर्षातून एकदा घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकवू नका. आणि कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या लग्नातलं, हे कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. फाटलेलं असलं तरी टाकू नका, आणि रफूही करू नका.