रेष कुठून जाणार?

नमस्कार श्रोतेहो. स्वयंसेवकांचं नेतृत्व प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक संस्थांचा साचा ठरलेला: सभागृह, पाहुण्यांचं भाषण, पडद्यावर उत्तम नेत्याचे गुण, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. जेवण चांगलं असतं, हे मान्य. पण घरी परतलेल्या कार्यकर्त्याच्या हाकेला आळीतली दहा माणसं येतात का?

पानी फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप, म्हणजे श्रमदानाने पाणी अडवण्याची गावागावांतली स्पर्धा, घेतली. साताऱ्याकडचं वेळू गाव त्यात पहिलं आलं. श्रमदानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं निवासी प्रशिक्षण. त्यासाठी गावाने पाच-पाच जण पाठवायचे. एकटाच गेला असता तर 'हा सरपंचकीची तयारी करतोय' अशी कुजबुज पारावर ठरलेली. पाच जण, त्यांत बायकाही, म्हटल्यावर संशयाला जागा उरत नाही. शिवाय एखाद्याच्या घरी लग्नकार्य निघालं तरी चौघं हाताशी असतात.

पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवण्याच्या, कामात आधी शिकायची ती उतारावर समपातळीची रेष आखणं. त्याचं साधं साधन म्हणजे ए-फ्रेम, इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट. दोन बांबू वरच्या टोकाला बांधायचे, मधे आडवी काठी, आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोरी काठीवरच्या मधल्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीत. मग फक्कीने खूण करायची, एक पाय तिथेच ठेवून दुसरा पुढे फिरवायचा. या खुणा जोडल्या की रेष तयार; तिच्यावर पाणी अडवायला चर खणतात. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईलाही हे सहज जमतं, आणि एकदा जमलं की रेष कुठून जाणार हे बड्या बागायतदारालाही तिलाच विचारावं लागतं. तिला वेगळं भाषण शिकवावं लागत नाही.

अडतं ते पुढे. स्पर्धेची मुदत संपते, पावसाळ्यात चर गाळाने भरतात, तो काढायला माणसं पुन्हा जमवायची असतात. तिथे कामाला येतात वर्गणीचा हिशोब, सभेचं इतिवृत्त, रुसलेल्यांची मनधरणी. आपल्या शिबिरांत या विषयाला अर्धा तास मिळतो, तोही जेवणानंतरचा, पेंगण्याचा!

माझं म्हणणं, त्याला सबंध दिवस द्या. मुद्दाम दोनशे रुपयांची चूक ठेवलेला हिशोब शिबिरार्थीच्या हातात द्या, बाकीच्यांना चिडलेले गावकरी म्हणून समोर बसवा आणि तो मोठ्याने वाचायला लावा. पाचही जणांना, आळीपाळीने. नमस्कार.