पहिलं पान बनवण्याआधी साइट डिफाइन करा

नमस्कार मंडळी! मागच्या वर्षी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका चप्पल दुकानाची वेबसाइट मी ड्रीमवीव्हरमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केली. माझ्या लॅपटॉपवर कापशी, पुकारी अशा कोल्हापुरी चपलांचे सगळे फोटो झकास दिसत होते. रात्री अपलोड केली आणि सकाळी मालकांचा फोन आला, "अहो, नावं दिसतात, पण चपला कुठायत?" मोबाइलवर उघडून बघितलं, तर फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

(स्क्रीनवर कोड)

हे बघा कारण. फोटोचा पत्ता पडलाय 'फाइल', मग कोलन, तीन तिरक्या रेघा आणि पुढं डी ड्राइव्ह. म्हणजे फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये शोधायचा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला माझा डी ड्राइव्ह कुठून सापडणार? ड्रीमवीव्हरमध्ये साइट डिफाइन न करता, म्हणजे साइटचा फोल्डर कुठला ते न सांगता, सेव्हही न केलेल्या पानावर मी फोटो टाकत गेलो होतो. त्या दुकानदाराचा एक दिवस माझ्यामुळं वाया गेला. तुमच्या बाबतीत हे होऊ नये, म्हणून हा व्हिडिओ.

आधी एक रिकामा फोल्डर करा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये स्पेस नको. मग वरच्या साइट मेनूत 'न्यू साइट'. साइटचं नाव काहीही द्या, ते फक्त तुम्हाला दिसतं. खरी गोष्ट त्याखालची: 'लोकल साइट फोल्डर'. तिथं तो फोल्डर दाखवा. या कामाची हद्द आता तीच.

'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये इमेजचा फोल्डर ठरवून द्या. पुढं बाहेरून फोटो टाकला, तरी त्याची कॉपी आपोआप तिथं येते. लिंक 'डॉक्युमेंट'च्या हिशेबानंच राहू द्या. राजारामपुरीत पाचव्या गल्लीतल्या माणसाला सातवी गल्ली सांगताना आपण पिनकोड सांगत बसतो का? "पुढं दोन गल्ल्या" म्हणतो. तसंच हे, या पानापासून तो फोटो कुठं आहे, एवढंच.

तिथंच 'केस-सेन्सिटिव्ह' लिंक तपासायची टिक आहे, ती करा. कॅमेऱ्यातून फोटो येतो तेव्हा पुष्कळदा फाइलच्या नावातलं शेवटचं 'जेपीजी' कॅपिटल असतं. तुम्ही कोडमध्ये ते स्मॉल लिहिता. विंडोजला दोन्ही एकच, पण बहुतेक होस्टिंग, म्हणजे साइट नेटवर ठेवायची जागा, लिनक्स या वेगळ्या सिस्टमवर चालतं आणि लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. घरी फोटो दिसतो, सर्व्हरवर, म्हणजे होस्टिंगच्या कॉम्प्युटरवर, गायब.

सर्व्हरची माहिती आत्ता सोडा, होस्टिंग घेतल्यावर भरू.

पहिल्या पानाचं नाव इंडेक्स. मराठी मजकूर आहे, तेव्हा एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, बघून घ्या. फाइलचं नाव बदलायचं झालं, तर ते ड्रीमवीव्हरच्याच फाइल्स पॅनेलमधून बदला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचीच वस्तू असल्याची अधिकृत ओळख, मिळालं; त्याची माहिती देणाऱ्या पानाचं नाव मालकांनी दोनदा बदलून घेतलं. पॅनेलमधून बदललं की ड्रीमवीव्हर विचारतं, लिंक सुधारू का? 'अपडेट' दाबा. विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बदललंत, तर लिंक शोधत बसाल.

आता अपलोडच्या आधी एक करा. अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि शेजारच्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर इंडेक्स उघडा. एखादी चौकट रिकामी दिसली, तर तो पत्ता अजून तुमच्याच ड्राइव्हवर बोट दाखवतोय.