कपाळावरून उतरलेलं नाक

हा मेणाचा पातळ पापुद्रा. बोटांनी दाबून आधी त्याला नाकाचा आकार दिला, मग सपाट करून कपाळावर ठेवला. भोवतीनं रेघ ओढली. नवं नाक करायला कपाळाची एवढीच कातडी घ्यायची.

पुण्याजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस एका माणसानं असंच मेण हाताळलं होतं. तो विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला. रुग्ण होता कावसजी, इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा मराठा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. नाक गेलं, एक हातही गेला. समोरचं हे चित्र त्याचंच. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ते शस्त्रक्रियेच्या वर्णनासह छापलं. ती पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं त्यात आहेत. करणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ही खंत आम्हाला हा व्हिडिओ करताना शेवटपर्यंत सोडत नव्हती.

आता भुवयांच्या मध्ये पाहा. रेघेवरून कातडी सोडवली, पण इथे एक पट्टी तशीच राखली. हा देठ. यातून रक्त येत राहतं, म्हणून कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली तरी जगते. नाकाच्या उरलेल्या खुंटावरचा जुना व्रण तासला, कडेनं चीर दिली, चिरेत कातडीची कड खोवली. वरून पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. तोवर नव्या जागेतून रक्त मिळू लागलेलं असतं.

वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून पसरली.

हे आजचं ऑपरेशन थिएटर. मेणाच्या जागी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातली फॉइल, रेघ तशीच. देठ मात्र दीड सेंटिमीटरच्या आसपास, कारण रक्त आणणारी धमनी आता नेमकी सापडते. डॉप्लरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज ऐका. भुवईच्या आतल्या टोकाशी आहे ती. देठ अरुंद झाला की सहज वळतो, कातडी आणखी खाली पोचते. आतून अस्तर आणि कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, आधारही देतात, नाहीतर नाक आकसतं.

कॅन्सरनं, अपघातानं नाक गमावलेल्यांना याचा उपयोग होतो.

तीन आठवडे झाले. हा देठ, आणि ही कात्री.