वेचणीची वही आणि पायथन
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पऱ्हाटीच्या तासांत वाकलेल्या बाया, ओट्यांत कापूस]

यवतमाळ जिल्हा, मारेगाव तालुका. नोव्हेंबर. पहिला वेचा सुरू आहे. उन्हं कलली की चुंगड्या बांधावर येतात आणि काट्याला लागतात. मजुरी किलोवर. कोणी किती वेचलं ते मुकादम बाई वहीत टिपतात आणि चुकारा बाजाराच्या दिवशी होतो.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलीनं हीच वही संगणकावर आणायला घेतली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे व्हिडिओ बघून झाले होते. लूप येत होतं, फंक्शन येत होतं, कोर्सचं प्रमाणपत्रही होतं. ते आम्ही दाखवत नाही. सगळ्यांचं सारखंच असतं.

[दृश्य: टांगलेला काटा, मग संगणकाचा पडदा]

पहिला प्रोग्रॅम एका पडद्यावर मावणारा. नाव विचारायचं, वजन विचारायचं, डिक्शनरीत, म्हणजे नावापुढे वजन अशा यादीत, ठेवायचं. घरी झकास चालला. मग मुकादम बाईंनी यादी पाहिली.

“माह्या वहीत तं दोघी हायेत, तुह्या मशीनीत एकच कशी वं?”

एकाच नावाच्या दोघी वेचणीला होत्या. डिक्शनरीत एका नावाला एकच जागा, त्यामुळे दुसरीचं वजन पहिलीच्या वजनावर बसलं. वहीत बाईंनी ‘मोठी’ आणि ‘लहानी’ असं लिहून हा प्रश्न केव्हाच मिटवला होता. मुलीनं प्रत्येकीला क्रमांक दिला. डेटाबेसच्या, म्हणजे नोंदी साठवायच्या व्यवस्थेच्या, पुस्तकात अशा वेगळ्या ओळखीला प्रायमरी की म्हणतात. तिला ती बांधावर कळली.

[दृश्य: पडद्यावर बेरीज, जवळून]

हे बघा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतो. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि ०.१ तिच्यात नेमका बसत नाही. एवढ्यानं मजुरी बुडत नाही, पण असला आकडा वाचून कोण भरवसा ठेवेल? आता वजनं ग्रॅममध्ये, पूर्णांकात साठतात. गंमत म्हणजे मराठीत टाइप केलेला १२ पायथनचं इंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, बिनतक्रार ओळखतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेनं तो आकडा मानलाच नसता.

[दृश्य: अंधारलेली खोली, टॉर्चच्या उजेडात कीबोर्ड]

लाईन तर जाणारच. फाइल पुन्हा लिहायला उघडली की आधी रिकामी होते, आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली तर आठवड्याचा हिशेब साफ. म्हणून एसक्यूलाइट. २००० साली आलेला हा डेटाबेस पायथनसोबतच मिळतो, त्याला वेगळा सर्व्हर, म्हणजे सतत चालणारा दुसरा प्रोग्रॅम, लागत नाही. नोंद एक तर पूर्ण होते, नाही तर होतच नाही.

सरावापुरती टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर बनवत बसलेल्याला हे प्रश्न पडतच नाहीत. त्याच्या बेरजेवर कोणाचा चुकारा अडलेला नसतो.

प्रोग्रॅमचे तुकडे वेगळ्या फाइलींत गेले, प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं गिट आलं, चाचण्या आल्या. हे सगळं रात्री चालायचं, त्यामुळे आमच्या कॅमेऱ्यात नाही.

[दृश्य: वही आणि पडदा शेजारी, बाई बोटानं रकाने जुळवताना]

तालुक्याच्या एका कृषी केंद्राला मालाच्या हिशेबाचा प्रोग्रॅमही ती आता लिहून देते, पैसे घेऊन. इथे मात्र मजुरीतून आगाऊ घेतलेली उचल कापायचं काम प्रोग्रॅममध्ये बाकी आहे. मुकादम बाईंना ते दुसऱ्या वेच्याआधी हवं आहे, आणि तोवर वही बंद करायला त्या तयार नाहीत.