स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

(जळगाव जिल्ह्यातील गॅरेजवाले आणि जुन्या गाड्या सांभाळणारे यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

राम राम मंडळी. गाडी पेट्रोल पी ऱ्हायनी, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की आपला हात कुठे जातो? कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, मिक्श्चर स्क्रूवर. अर्धा आटा आत, पाव आटा बाहेर, आणि ‘जा भो, झालं’. माझं आजचं सांगणं एवढंच की तो स्क्रू शेवटी. तो फक्त स्लोला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, काम करतो. हायवेला ऐंशीच्या वेगात गाडी काळा धूर सोडत असेल, तर स्क्रू फिरवून काय साधणार?

आधी रोग ओळखा. काळा धूर पेट्रोलचा, निळसर ऑइलचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळतंय. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की काजळी धरते, आणि ती स्पार्क प्लगवर दिसते. पण गाडी स्लोला अर्धा तास उभी ठेवून प्लग काढला तर धडधाकट गाडीचाही काळाच निघेल. म्हणून भुसावळ रोडला दहा-पंधरा किलोमीटर पळवा, बाजूला घ्या, लगेच बंद करा आणि निवल्यावर प्लग काढा. तपकिरी, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. कोरडी, मऊ, काळी काजळी चारही प्लगांवर असेल तर मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एकच काळा असेल तर कार्बोरेटरला सोडा. तिथे वायर, प्लग किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा.

आता कारणं. पहिलं म्हणजे एअर फिल्टर. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाची रुई हवेत असते, आणि फिल्टरवर ती गोधडीसारखी बसते. दुसरा चोक, म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा रोखणारी झडप. धुळे-नंदुरबारकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक अंकी होतो, चोक ओढला जातो आणि गंजलेली केबल परत पूर्ण येत नाही. डॅशबोर्डवरचं बटन आत गेलेलं दिसतं, झडप मात्र अर्धी मिटलेली. फिल्टर काढून डोळ्यांनी बघा.

मग फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा डबा. पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडा भोक दाखवतो, पण हे काम शेगडीपासून लांब. फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे नीडल, झिजली की पेट्रोल बंदच होत नाही. आणि जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, तारेने कोरून साफ करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही. एवढं सगळं बघून झालं की मग स्क्रू. स्लोला तो हळूहळू पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडायला हवं. पडलं नाही, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय.

गिऱ्हाईक उन्हाला दोष देतं, आणि उन्हाचा दोष अगदीच नाही असं नाही. १० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा १० टक्क्यांहून थोडी जास्तच विरळ असते. म्हणजे जानेवारीत पहाटे ट्यून केलेला कार्बोरेटर मे महिन्यात रिच होणारच. शिवाय दुपारी गाडी बंद केली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या पाइपांत, उतरतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंप करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पिचकारी जाते. पाय पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा.

मागून एका भाऊंनी विचारलं, इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रिच होतं का? उलट. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे त्याच जेटवर मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं, होतं. मात्र जुने रबरी पाइप आणि नीडलचं रबरी टोक त्याने फुगू शकतं, आणि मग ओव्हरफ्लो.

आता इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणाऱ्या, जुन्या गाड्या. इथे आपण खानदेशवाले स्वतःच्या हाताने घोळ करतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून फेकतो. रेडिएटर तुंबलाय की पंखा फिरत नाही, हे कोणी बघत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो नसला की हिवाळ्यात, हायवेच्या वाऱ्यावर इंजिन पुरतं तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी अजून थंड आहे, आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. परीक्षा सोपी आहे. थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर कोणीतरी काढलाय किंवा तो उघडाच अडकलाय.

तो ठीक असेल तर कूलंटचा सेन्सर मीटरने मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतात. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी इंजिन आणि त्याच्या मधे सायलेन्सरचा पाइप फुटलाय का बघा. बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सर ‘लीन’ सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. गाडी मिसिंग मारत असली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नसलं, तरी हेच होतं.

आणि काम झालं की डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा पातळी वाढलेली असेल, तर गिऱ्हाईक कितीही म्हणो, ‘मागच्याच महिन्यात टाकलं’, ते ऑइल काढा.