धुराचं गाणं : मॉन्त्रो, डिसेंबर १९७१

[काळा पडदा. फक्त गिटार.]

नाव माहीत नसलं तरी हे सूर कानावरून गेलेले असतातच. गिटार नवीन घेतलेला मुलगा पहिल्या आठवड्यातच हे वाजवायला बसतो, आणि वाद्यांच्या दुकानात गिटार निवडायला आलेलं गिऱ्हाईकही बऱ्याचदा हेच छेडून बघतं. गाणं आहे ‘स्मोक ऑन द वॉटर’. बँड, ब्रिटनचा डीप पर्पल.

घरात पेटी असेल तर जवळ घ्या. पट्टी कुठलीही चालेल. सा, कोमल ग, म. पुन्हा सा, कोमल ग, आता तीव्र म, आणि लगेच शुद्ध म. मग सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. झालं. सगळे मिळून चार सूर. तीव्र मध्यमाचा तो एक निसटता स्पर्श सोडला, तर बाकीचे धानी रागातले.

मग पेटीवर ते इतके जड का वाटत नाहीत? कारण पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर एकेक सूर वाजवतच नाही. तो दोन तारा एकदम वाजवतो, आणि त्या दोन सुरांत नेहमी सा आणि म यांच्याइतकं अंतर ठेवतो. म्हणजे साच्या खाली मंद्र पंचम, कोमल गंधाराच्या खाली कोमल निषाद, मध्यमाच्या खाली सा. जोडी तशीच वर सरकते, तशीच खाली येते. शिवाय पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरायचा नाही, दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी खेचायच्या. पेटीवर दोन बोटांनी वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

या सुरांवर जे शब्द आहेत, त्यांच्यासाठी हा व्हिडिओ केला. त्यात प्रेम नाही, बंड नाही, कसलाही संदेश नाही. आम्ही अमुक गावी गेलो, तिथे आग लागली, अमुक माणसाने पोरांना वाचवलं, आमची पंचाईत झाली, शेवटी अमुक हॉटेलात काम उरकलं. सरळ हकिकत, नावागावासकट. आपल्याकडे पोवाडा हे काम करत आला. रॉकमध्ये ते इतक्या साधेपणाने क्वचितच कोणी केलं असेल.

[जिनिव्हा सरोवर. पलीकडे आल्प्स.]

स्वित्झर्लंडमधलं मॉन्त्रो. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचं टुमदार गाव. १९६७ साली क्लॉद नोब्स या इथल्याच तरुणाने जॅझ महोत्सव सुरू केला आणि गावाचं नाव संगीतवाल्यांच्या तोंडी झालं. महोत्सव भरायचा तो सरोवराकाठच्या कसिनोत. जुगाराच्या टेबलांबरोबर तिथे एक मोठं सभागृहही होतं.

डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पल इथे आले ते मैफल करायला नाही, रेकॉर्ड करायला. इयन गिलन गायक, रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, रॉजर ग्लोव्हर बेसवर, इयन पेस ड्रम्सवर. स्टेजवर त्यांचं संगीत जसं पेटायचं, तसं ते स्टुडिओच्या चार भिंतींत उतरत नाही, असं त्यांचं मत झालं होतं. म्हणून त्यांनी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला. एक ट्रक, आणि त्याच्या पोटात पूर्ण कंट्रोल रूम. ट्रक बाहेर उभा करायचा, तारा आत सोडायच्या आणि रिकाम्या सभागृहात मैफलीसारखं वाजवायचं. कसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होता. त्याआधीची शेवटची मैफल तेवढी बाकी होती, ती झाली की सभागृह यांचंच.

ती मैफल होती अमेरिकन गिटारवाला फ्रँक झॅपा आणि त्याचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन यांची.

[कसिनोची जुनी छायाचित्रं.]

शनिवार, ४ डिसेंबर १९७१. आपल्याकडे आदल्याच दिवशी पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं होतं आणि मुंबईत ब्लॅकआउट पाळला जात होता. मॉन्त्रोत दुपारच्या खेळाला सभागृह भरलेलं होतं आणि पर्पलची मंडळीही प्रेक्षकांत होती. झॅपाचं ‘किंग काँग’ रंगात आलं होतं, डॉन प्रेस्टनचा सिंथेसायझर चालू होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी फ्लेअर गन छताकडे रोखून उडवली.

समुद्रात अडकलेली जहाजं मदत मागायला जी लालभडक ज्योत आकाशात सोडतात, ती ही. आणि सभागृहाचं छत मढवलेलं होतं वेताच्या विणकामाने. वाळलेला वेत, आत उबदार हवा. ठिणगी वर अडकली. सुरुवातीला लोकांना त्याचं गांभीर्यही जाणवलं नाही. झॅपाने वाजवणं थांबवलं आणि लोकांना न धावता बाहेर पडायला सांगितलं. हा मला त्या दिवसातला फार मोठा क्षण वाटतो. स्टेजवरच्या माणसाचा आवाज चढला असता, तर दारात चेंगराचेंगरी झाली असती. लोक निघाले, पुढे मोठ्या काचाही फोडाव्या लागल्या. काही पोरं तळघराकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला पळाली होती. त्यांना वाटलं, तिथे आपण सुरक्षित. क्लॉद नोब्स पुन्हा पुन्हा आत शिरला आणि त्यांना बाहेर घेऊन आला.

कसिनो संपूर्ण जळाला. झॅपाच्या बँडचं सामान गेलं. पण माणूस एकही गेला नाही.

झॅपाचं नशीब मात्र त्या महिन्यात फिरलंच होतं. सहाच दिवसांनी, १० डिसेंबरला, लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं. हाडं मोडली, पुढचे कित्येक महिने चाकाच्या खुर्चीत गेले.

[सरोवरावर पसरणारा धूर.]

पर्पलवाले आपल्या हॉटेलात परतले आणि खिडकीतून बघत बसले. डोंगरावरून वारा सुटला होता, आगीला तो चांगलाच मानवला. आणि त्याच वाऱ्याने धूर खाली दाबून सरोवरभर अंथरला. पाणी दिसेना, नुसता धूर. काही दिवसांनी रॉजर ग्लोव्हर पहाटे अर्धवट झोपेत असताना त्याच्या तोंडून तीन-चार शब्द निघाले : स्मोक ऑन द वॉटर. पाण्यावरचा धूर. त्याने ते गिलनला सांगितले. गिलन काही खूश झाला नाही. स्मोक म्हटलं की लोकांना हे गांजा-चरसचं गाणं वाटेल, अशी त्याला धास्ती होती. शब्द बाजूला पडले.

आणि मुळात गाण्याचा विचार करायला वेळ कोणाला होता? ट्रक भाड्याने आणलेला, दिवस मोजके, जागा जळून गेलेली.

[गावातलं थिएटर. रात्र.]

क्लॉदने धावपळ करून गावातलं पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. सामान लागलं, ब्लॅकमोरने एक नवीन रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, काढली, पेसने त्याखाली ताल धरला आणि बँड वाजवू लागला. रात्र बरीच झाली होती, आणि पर्पलचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको की थिएटरच्या भिंती त्याला पुरणाऱ्या नव्हत्या. शेजारच्यांनी पोलिसांत तक्रार केली.

पोलीस आले. दार ठोठावू लागले. आत टेक चालू. टेक म्हणजे सगळ्यांनी एका दमात वाजवायचं, मध्ये थांबलं की पहिल्यापासून. बँडच्या कामगारांनी दाराला आतून खांदे लावले. बाहेरून पोलीस ढकलत होते, आतून हे, आणि पलीकडे बँड वाजवतच होता. टेक पूर्ण झाला तेव्हाच दार उघडलं. मग अर्थात पॅव्हिलियनमधून यांची उचलबांगडी झाली.

त्या रात्री हाती लागलं ते एवढंच : एका गाण्याचं वाद्यसंगीत. शब्द नाहीत, चालही नाही. पण आज जगभर वाजतात ते सूर त्याच टेकमधले.

[रिकामं हॉटेल. लांब मार्गिका.]

पुन्हा जागेचा शोध. शेवटी मिळालं ग्रँड हॉटेल. हिवाळ्यासाठी बंद, रिकामं, थंडगार. मंडळींनी मार्गिकेतच संसार मांडला. आवाज घुमू नये म्हणून गाद्या उभ्या करून लावल्या. एकेक वाद्य कोपऱ्याकोपऱ्यात. ट्रक बाहेर उभा. गंमत अशी, की वाजवलेलं ऐकायचं तर ट्रकपर्यंत जायचं, आणि तिथे पोचायला खोल्यांतून, बाल्कन्यांतून, थंडीत कुडकुडत वळसा घालायचा. थोड्याच दिवसांत त्यांनी जाणंच सोडलं. आतून वाटलं की जमलं, तर जमलं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बाहेर सांभाळायला होताच.

‘मशीन हेड’ या अल्बममध्ये जी निर्भर धाव आहे, तिचं एक कारण ही गैरसोय आहे असं मला मनापासून वाटतं. दर टेकनंतर कंट्रोल रूममध्ये जाऊन खोट काढायची सोयच नव्हती. ‘हायवे स्टार’ ऐका, ‘लेझी’ ऐका. माणसं एकमेकांकडे बघत वाजवत आहेत हे कळतं.

काम संपत आलं आणि हिशेब लागला, की अल्बम भरायला काही मिनिटं कमी पडताहेत. तेव्हा पॅव्हिलियनमधला तो अर्धवट टेक आठवला. रिफ होती, ठेका होता. शब्द हवे होते. गिलन आणि ग्लोव्हर बसले, आणि नुकतंच जे भोगलं होतं तेच लिहून काढलं. मॉन्त्रो आलं, सरोवर आलं, झॅपा आला. फ्लेअर गनवाल्याला त्यांनी एका शिवीत उरकलं. पोरांना ओढून काढणारा क्लॉद आला, तोही ‘फंकी’ या लाडक्या विशेषणासकट. स्टोन्सचा ट्रक आला, थंड रिकामं ग्रँड हॉटेल आलं, तिथले लाल दिवे आणि जुने पलंगसुद्धा. आणि ध्रुवपदाला ग्लोव्हरचे झोपेतले शब्द.

घाईत, जागा भरायला लिहिलेलं आहे ते. शब्द शोधत बसायला वेळ मिळाला असता, तर एखादी उपमा, एखादा गूढ अर्थ त्यात नक्की शिरला असता. वेळ नव्हता ते फार बरं झालं.

[अल्बम फिरू लागतो.]

ऐकताना थर कसे चढतात तिकडे लक्ष ठेवा. आधी एकटी गिटार. मग पेसची हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, बारीक चालीत, आणि गिटारच्या सुरांवर सूर ठेवून जॉन लॉर्डचा ऑर्गन. हा चर्चमधल्या प्रार्थनेसारखा मऊ वाजत नाही, कारण लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा. तो करकरतो, गुरगुरतो. त्यामुळे गिटार कुठे संपली आणि ऑर्गन कुठे सुरू झाला ते कळत नाही. मग पूर्ण ड्रम्स. मग बेस, आणि जमीन हादरते. गिलन त्यानंतर तोंड उघडतो, आणि तोही गोष्ट सांगायला.

अल्बम मार्च १९७२ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. बँडला मात्र यातलं खपणारं गाणं ‘नेव्हर बिफोर’ वाटत होतं, सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची वेगळी तबकडी म्हणून, त्यांनी तेच काढलं. आज ते फक्त चाहत्यांना आठवतं. क्लॉद नोब्सने आपल्यावरचं हे गाणं ऐकलं तेव्हाच सांगितलं होतं, की हे फार मोठं होणार. त्याचा कान बरोबर निघाला, पण वर्षभर उशिरा. ऑगस्ट १९७२ मध्ये पर्पल जपानला गेले आणि त्या मैफलींमधून ‘मेड इन जपान’ तयार झालं. त्यातलं ‘स्मोक’ आहे १५ ऑगस्टचं, ओसाकाचं. अमेरिकेत सिंगल आलं ते १९७३ मध्ये, आणि चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं.

ते चढत असताना गिलन आणि ग्लोव्हर बँडमध्ये नव्हते. कुरबुरी विकोपाला गेल्या होत्या. २९ जून १९७३ ला, पुन्हा ओसाकातच, त्यांनी पर्पलबरोबरची शेवटची मैफल केली. ज्या दोघांनी शब्द लिहिले, ते दोघेही गाणं अमेरिकेत शिखरावर असताना बाहेर. हे पाचजण परत एकत्र आले ते १९८४ साली.

[आजचं मॉन्त्रो.]

कसिनो १९७५ मध्ये नव्याने उभा राहिला, आणि यावेळी त्याच्या पोटात माउंटन स्टुडिओज हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. पुढे तो क्वीन या ब्रिटिश बँडने विकत घेतला. म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारूख बलसारा, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी होऊन याच जागी गाऊ लागला. १९८१ मध्ये डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ इथे झालं, आणि १९९१ च्या मे महिन्यात, आजाराने पुरता खंगलेला असताना, त्याने आपली अखेरची गाणी इथेच गायली. सरोवराच्या काठावर त्याचा पुतळा आहे. त्याच काठावर डीप पर्पलचंही एक स्मारक आहे, आणि त्यावर ते चार सूर स्वरलिपीत बसवले आहेत. क्लॉद नोब्स २०१३ च्या जानेवारीत गेला, महोत्सव अजून भरतो.

[मुंबई, १९९५.]

आपल्याशी पर्पलचं एक वेगळं नातंही आहे. त्यांचं १९७० मधलं ‘चाइल्ड इन टाइम’ ज्या सुरावटीवर उभं आहे, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडची. त्या मूळ रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत आले. शहराचं नाव तेव्हा अजून कागदोपत्री बॉम्बेच होतं. ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता. जॉन लॉर्ड मात्र होता, आणि गिलन, ग्लोव्हर, पेस हे तिघेही. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने निघालं. मिळालं तर ऐका, ‘स्मोक’ त्यातही आहे.