'स्वयं': मोटरविना वळणारा उपग्रह

22 जून 2016. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 हे रॉकेट झेपावलं, एका खेपेत 20 उपग्रह घेऊन. त्यातला मुख्य कार्टोसॅट सव्वासातशे किलोंचा. आणि त्याच्याच सोबतीला जेमतेम किलोभराचा, 10 सेंटिमीटरचा एक ठोकळा. नाव 'स्वयं'. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला. एका ठिकाणचा रेडिओ संदेश घ्यायचा, दुसरीकडे पोचवायचा, हे त्याचं काम.

रॉकेटपासून सुटलेला ठोकळा गिरक्या खात राहतो. त्याला ताळ्यावर आणायचं कसं? मोठ्या उपग्रहांच्या पोटात त्यासाठी मोटरवर फिरणारी चाकं असतात. इथे तेवढी जागा नाही, वीजही मोजकीच.

'स्वयं'मध्ये बसवला एक कायमचा चुंबक. बस्स. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळते, तसा अख्खा उपग्रहच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतो.

पण शाळेतलं होकायंत्र आठवा. सुई लगेच थांबते का? आधी इकडेतिकडे डुलते, मग हवा आणि टेकूचं घर्षण तिला शांत करतं. अंतराळात हवा जवळजवळ नाही, टेकू तर नाहीच. उपग्रह डुलतच राहील.

खरी गंमत आहे ती इथे. चुंबकासोबत मऊ चुंबकीय धातूच्या सळया बसवल्या. उपग्रह डुलला की सळयांना जाणवणारं क्षेत्र बदलतं, आणि त्यांचं चुंबकत्व त्या बदलामागे रेंगाळत जातं. या रेंगाळण्यात डुलण्याची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. दरवेळी अगदी थोडी. त्यामुळे घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

आणखी एक अट. चुंबकावर वळणाऱ्या उपग्रहाला आपल्याला हवं तिकडे बघायची मुभा नाही. विषुववृत्तावर क्षेत्र जमिनीला समांतर, ध्रुवापाशी जवळपास उभं. त्यामागे वळता वळता, ध्रुवांवरून जाणारा उपग्रह साधारण 95 मिनिटांच्या एका प्रदक्षिणेत दोन कोलांट्या मारतो. कॅमेऱ्याला हे परवडणार नाही. संदेशांची ने-आण करणाऱ्या अँटेनाला चालतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हा उपग्रह गेला. त्यात चुंबकाऐवजी तारेची वेटोळी. वीज सोडली की चुंबक, बंद केली की नुसती तार. पण वीज कधी, किती, कुठल्या दिशेने, हा हिशेब संगणकाकडे आला. 'स्वयं'च्या चुंबकाला त्याची गरजच नव्हती.